टक-टक करणारी डिस्क आणि अप्पांची कीर्तनं

प्रश्न बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका ताईंचा आहे. थोडक्यात असा: १ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क, पाच-सहा वर्षं वापरलेली. तिच्यात वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या, कीर्तनांच्या ३८ कॅसेटवरून उतरवलेली रेकॉर्डिंग आणि घरचे फोटो. गणपतीच्या दिवसांत लॅपटॉपला लावलेली असताना केबलमध्ये कुणाचा तरी पाय अडकला आणि डिस्क टेबलावरून फरशीवर आली. तेव्हापासून लावली की टक-टक-टक करते आणि गप्प होते. भाच्यानं तीन लॅपटॉपवर लावून पाहिली, एक रिकव्हरी सॉफ्टवेअर रात्रभर चालवलं, हाती काही लागलं नाही. एका दुकानात फ्रीझरमध्ये ठेवायला सांगितलं, दुसऱ्यात डिस्कचा बोर्ड (सर्किटची पट्टी) बदलून होईल म्हणाले. आता काय करावं, किती परत येईल आणि खर्च किती?

ताई, सगळ्यात आधी: हे वाचून होईपर्यंत आणि नंतरही ती डिस्क कशालाही लावू नका. ‘एकदाच बघते’ असंही नको. केबल काढा, डिस्क बबलच्या प्लास्टिकात गुंडाळा, एखाद्या मोबाइलच्या रिकाम्या खोक्यात घाला आणि कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात ठेवा. वरच्या खणातून पुन्हा पडलेल्या डिस्काही मी पाहिल्या आहेत.

बडोद्यातच, सयाजीगंजात, बिघडलेल्या डिस्कांतला डेटा काढायचं काम करायला लागून मला बावीस वर्षं झाली. दिवसातून एक तरी माणूस काउंटरवर डिस्क ठेवतो आणि म्हणतो, ‘बस, एक वार चालू करी आपो ने.’ (एकदा चालू करून द्या ना.) माझं निम्मं काम म्हणजे ती चालू न करणं. पडलेली, भिजलेली, जळकी, सगळ्या प्रकारची डिस्क येते आणि बहुतेकींतून काही ना काही निघतं. ज्यांतून काहीच निघत नाही, त्यातल्या पुष्कळांचा निकाल बिघाड झाला त्या दिवशी लागलेला नसतो. तो पुढच्या दोन-तीन दिवसांत लागतो, घरच्यांच्या, शेजाऱ्यांच्या नाहीतर आमच्याच धंद्यातल्या कुणाच्या हातून. तुमच्या डिस्कनं ते दोन-तीन दिवस सोसलेत. म्हणून आता तिला जितक्या वेळा वीज मिळेल ती फक्त कॉपी काढण्यासाठीच मिळाली पाहिजे.

टक-टक का होते ते सांगतो, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. डिस्कच्या आत चकचकीत तबकडी असते, आम्ही प्लॅटर म्हणतो. तुमच्यासारख्या पोर्टेबल डिस्कमध्ये तो अडीच इंची, बहुधा काचेचा असतो आणि त्यावर चुंबकीय थर असतो. तो मिनिटाला साधारण ५,४०० फेरे घेतो, सेकंदाला ९०. हिशेब केला तर कडेचा वेग ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास निघतो. त्याच्या वर एका बारीक दांडीच्या टोकाला वाचणारं हेड तरंगत असतं. किती वर? नॅनोमीटरच्या एक आकडी अंतरावर. माणसाचा केस सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. धुराचा कणसुद्धा त्या फटीत मावत नाही, तो हेडला धडकतो.

डिस्क बंद असली की हेडं प्लॅटरच्या बाहेर प्लास्टिकच्या एका उतरणीवर जाऊन बसतात. म्हणून बंद डिस्क पडली तर ती अनेकदा बचावते. तुमची चालू होती, म्हणजे पडली तेव्हा हेड प्लॅटरवर होतं. फरशीवर आपटल्यावर ते प्लॅटरला टेकलं असणार आणि बहुधा वाकलं किंवा तुटलं.

आता तुम्ही डिस्क लावता तेव्हा काय होतं? आधी मोटर फिरते. दांडी हेडला आत आणते. हेडनं सगळ्यात आधी प्लॅटरवरच्या खुणा वाचायच्या असतात, ‘मी कोणत्या वर्तुळावर आहे’ हे कळण्यासाठी. मग प्लॅटरवरच एका राखीव जागेत लिहिलेला डिस्कचा स्वतःचा प्रोग्रॅम वाचायचा असतो. तो वाचल्यावरच डिस्क कॉम्प्युटरला स्वतःचं नाव आणि आकार सांगते. तुमच्या हेडला पहिल्याच पायरीला काही दिसत नाही. दांडी मागे जाते, अडणीला आपटते, पुन्हा येते. ती आपट म्हणजे ‘टक’. आठ-दहा वेळा करून बघते आणि थकून मोटर बंद करते.

यावरून भाच्याच्या सॉफ्टवेअरचं उत्तरही मिळतं. (त्याला रागावू नका, त्यानं जीव लावून केलं.) ज्या डिस्कनं स्वतःचं नावच सांगितलं नाही तिच्यातून कोणतंही सॉफ्टवेअर काही वाचू शकत नाही, मग ते फुकटचं असो की वीस हजारांचं. सॉफ्टवेअर फाइल पुसल्या गेल्या, फॉर्मॅट झालं, फोल्डर दिसेनासे झाले अशा दुखण्यांसाठी असतं. मोडलेल्या हेडला ते काय करणार? मात्र ते विंडोजमार्फत डिस्कला पुन्हापुन्हा उठवत राहतं. वाकलेलं हेड त्या प्रत्येक उठण्यात प्लॅटरवरून फिरतं आणि थर खरवडतं. खरवडलेल्या जागेवरचा डेटा पावडर होऊन आत उडतो. तो जगातल्या कोणत्याही लॅबला परत जोडता येत नाही.

ती खरवड दिसते कशी, तेही सांगतो. झाकण उघडून टेबललॅम्प तिरका धरला की धड प्लॅटर आरशासारखा असतो, त्यात स्वतःच्या चष्म्याची फ्रेम दिसते. बिघडलेल्यावर एक बारीक करडी रेघ वर्तुळाकार दिसते, जणू कुणी कंपासनं काढलीय. रेघ एक-दोन असली तर अजून आशा असते. पट्टा झाला आणि बाजूच्या पांढऱ्या फिल्टरवर काजळीसारखं काही जमलेलं दिसलं की मी झाकण लावतो आणि गिऱ्हाइकाला चहा मागवतो.

आवाजावरून बरंच कळतं, त्यामुळे इतरांसाठीही लिहून ठेवतो. टक-टक म्हणजे बहुतेक वेळा हेड. बारीक बीप-बीप किंवा गुणगुण येऊन काहीच फिरत नसेल तर हेड उतरणीवर न जाता प्लॅटरवरच चिकटून बसलंय आणि मोटर जोर लावून थकतेय. ही डिस्क हलवली, ठोकली की खलास. अजिबात आवाज नाही, कंप नाही, तर बोर्ड किंवा नुसतं केबलचं तोंड गेलेलं असू शकतं. ही त्यातल्या त्यात सुखाची केस. मोठ्या, स्वतंत्र अडॅप्टर लागणाऱ्या डिस्कला चुकून लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर लावला की बोर्डावरचा एक छोटा संरक्षक डायोड स्वतः मरून बाकीच्यांना वाचवतो. तो काढला की पुष्कळदा डिस्क उठून बसते. आणि आवाज नेहमीसारखा असून विंडोज ‘फॉर्मॅट करायचं का?’ विचारत असेल तर उत्तर एकच, कॅन्सल.

आता दुकानदारांचे दोन सल्ले. फ्रीझर आधी. जुन्या काळच्या डिस्कांमध्ये हेड चिकटायचं किंवा एखादा भाग गरम होऊन अडायचा, तेव्हा थंडीनं आकुंचन पावून कधीमधी पाच मिनिटं चालायच्या. तेवढ्यावर ही गोष्ट इतकी वर्षं फिरतेय. आजच्या डिस्कमध्ये फ्रीझरमधून काढल्यावर बडोद्याच्या दमट हवेत प्लॅटरवर दव धरतं. थंड पाण्याच्या पेल्याला बाहेरून जसे थेंब येतात तसंच. आणि चार-पाच नॅनोमीटरवरून जाणाऱ्या हेडला पाण्याचा एक थेंब म्हणजे भिंत आहे. ठेवली नसेल तर उत्तम. ठेवली असेल तर लॅबला तसं सांगा, लपवू नका.

बोर्ड बदलायचं म्हणणाराही चुकतोय, पण तो का चुकतोय हे जरा समजून घ्यावं लागेल. पंधरा-वीस वर्षांपूर्वी त्याच मॉडेलचा बोर्ड काढून लावला की डिस्क चालायची. मीही अशा शेकड्यांनी चालवल्या असतील. त्या वेळी बोर्ड बोर्डाला सारखा होता. आता कारखान्यात प्रत्येक डिस्कची हेडं तिच्याच प्लॅटरवर जुळवतात आणि ती जुळणी बोर्डावरच्या आठ पायांच्या एका चिपमध्ये लिहितात. दुसऱ्या डिस्कचा बोर्ड लावला म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा घातला. ती चिप जुन्या बोर्डावरून काढून नव्यावर बसवली तर जमतं, पण तुमच्याकडे मुळात बिघाड बोर्डाचा नाही. शिवाय पुष्कळ पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचं तोंड थेट बोर्डावर असतं, आणि काहींमध्ये तुम्ही पासवर्ड ठेवला नसला तरी सगळा डेटा सांकेतिक करूनच लिहिला जातो. अशा वेळी मूळ बोर्ड हरवला तर प्लॅटर शाबूत असूनही हाती नुसता कचरा येतो. म्हणून जिथे डिस्क द्याल तिथे बजावून सांगा: मूळ बोर्ड, मूळ झाकण, मूळ खोकं, सगळं परत हवं.

मग तुमच्या डिस्कला खरं काय करावं लागेल? हेड बदलावं लागेल. त्यासाठी हुबेहूब तशीच दुसरी, धडधाकट डिस्क लागते. तिला डोनर म्हणतात. मॉडेल नंबर जुळून भागत नाही. हेडांची संख्या, बनावटीचा काळ, कारखान्याचा कोड, आतल्या प्रोग्रॅमची आवृत्ती, हे सगळं जितकं जवळचं तितकं बरं. १ टीबीच्या डिस्कमध्ये जुन्या असतील तर चार हेडं असतात, नव्यात दोन. डोनर शोधण्यातच कधी आठवडा जातो, आणि ती डिस्क त्या कामात संपते.

काम स्वच्छ हवेच्या टेबलावर होतं. हवा गाळून समोरून संथपणे वाहत असते, म्हणजे धूळ डिस्कवर बसण्याआधीच बाहेर ढकलली जाते. जुन्या मोजमापात याला ‘क्लास १००’ म्हणतात: एक घनफूट हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण शंभराहून कमी. आपल्या घरातल्या हवेत ते लाखांनी असतात. म्हणून व्हिडिओत बघून पंख्याखाली झाकण उघडणाऱ्याची मला धास्ती वाटते. स्क्रू सहा असतात आणि सातवा लेबलखाली लपलेला. तो न सापडल्यानं स्क्रूड्रायव्हरनं झाकण उचकटलेल्या डिस्का माझ्याकडे येतात, तेव्हा प्लॅटरच्या कडेला अर्धचंद्र पडलेला असतो.

हेडं एकमेकांना टेकू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये प्लास्टिकचा एक छोटा कंगवा सरकवतात, मग अख्खी दांडी उचलून घेतात. डोनरचीही तशीच. हे करताना मी श्वास आवरतो, म्हणजे खरंच आवरतो, आणि मोबाइल बाहेर काउंटरवर ठेवून येतो. वीस मिनिटांचं काम. पण पुढचे तीन-चार दिवस ते नवं हेड परक्या प्लॅटरवर कसं टिकतं यावर सगळं अवलंबून असतं.

टिकतं तेवढ्यात आम्ही फाइली उघडून बघत नाही. आधी अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, काढतो, सेक्टरवार. सेक्टर म्हणजे डेटाचा सगळ्यात छोटा कप्पा. १ टीबीच्या डिस्कमध्ये कॉम्प्युटरला ५१२ बाइटचे १,९५,३५,२५,१६८ सेक्टर दिसतात. जे सहज वाचता येतात ते आधी, जिथे अडलं तिथून उडी मारून पुढे. वाईट जागा शेवटी, हेड मरायला टेकलं तरी चालेल अशा वेळी. यासाठी पीसी-३००० सारखी यंत्रणा असते. ती डिस्कशी विंडोजला वळसा घालून बोलते आणि एखाद्या सेक्टरवर किती मिलिसेकंद थांबायचं तेही आपल्याला ठरवता येतं. विंडोज एका खराब सेक्टरवर हट्टानं बसून राहतं, आजारी माणसाला ‘जेवलास का’ दहादा विचारणाऱ्या पाहुण्यासारखं.

तुमच्यासारखी गत नसलेल्यांसाठी इथे थोडं. डिस्क ओळखली जातेय, आवाज बरा आहे, पण फोल्डर उघडायला पाच-पाच मिनिटं लागतात, कॉपी मध्येच अडते, अशी केस घरी सांभाळता येते. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ०५, सी५ आणि सी६ या ओळी बघा. तिथे शून्याशिवाय काही असेल तर प्लॅटरच्या जागा खराब होऊ लागल्यात. विंडोजचं चेकडिस्क चालवू नका. ते डेटा वाचवण्यासाठी केलेलंच नाही. फाइल सिस्टिम नीटनेटकी व्हावी म्हणून ते न जुळणाऱ्या नोंदी बिनदिक्कत छाटतं, तेही त्याच मरणाऱ्या डिस्कवर लिहून. लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून कॉम्प्युटर चालू करा, मूळ डिस्कपेक्षा मोठी रिकामी डिस्क जोडा आणि जीएनयू डीडीरेस्क्यूनं इमेज काढा. मॅप फाइल द्यायला विसरू नका. वीज गेली तरी ते त्या नोंदीवरून जिथे थांबलं होतं तिथून पुढे चालू होतं. पहिल्या फेरीत खराब जागा खरवडायच्या नाहीत असं सांगा. डिस्कवर एक छोटा पंखा सोडा. मध्येच टक-टक सुरू झाली तर त्या क्षणी बंद, मग ती माझ्यासारख्याकडे. इमेज हाती आली की मग टेस्टडिस्क, फोटोरेक, आर-स्टुडिओ, जे रिकव्हरी सॉफ्टवेअर आवडेल ते त्या इमेजवर चालवा, हवं तितक्या वेळा. मूळ डिस्क कपाटात. हे सगळं फिरत्या डिस्कांबद्दल आहे बरं. एसएसडीवर (काहीच न फिरणाऱ्या, चिपांच्या डिस्कवर) पुसलेली फाइल ट्रिममुळे, म्हणजे पुसलेल्या जागा आपोआप रिकाम्या करण्याच्या सोयीमुळे, बहुधा थोड्याच वेळात खरंच नाहीशी होते, तिथे हे कसब चालत नाही.

किती परत येईल? न उघडता खरा आकडा कुणीच देऊ शकत नाही. फोनवर ‘शंभर टक्के’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. २००३ मध्ये कोलंबिया अवकाशयान परतताना फुटलं, त्याच्या अवशेषांत ४०० एमबीची एक जळून काळी पडलेली डिस्क सापडली आणि तिच्यातला जवळजवळ ९९ टक्के डेटा निघाला, कारण आतले प्लॅटर शाबूत होते. आणि ती सापडल्यावर कुणाच्या भाच्यानं तीन लॅपटॉपवर लावली नव्हती!

पाण्याचंही तसंच. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली, मगरी रस्त्यावर आल्या, तेव्हा पुढचे दोन महिने माझ्याकडे फक्त भिजलेल्या डिस्का होत्या. समा भागातल्या एका हिशेबनीसानं आपली डिस्क दोन दिवस गच्चीवर उन्हात वाळवून, वर हेअर ड्रायर मारून, लावून पाहिली आणि मग आणली. झाकण काढलं तर चहाच्या बशीच्या तळाशी राहतो तसा गाळ प्लॅटरवर वाळून बसलेला, आणि त्यातून हेडनं काढलेली स्वच्छ, चमकदार वर्तुळं. त्याच आठवड्यात एका शाळेच्या बाईंनी तशीच बुडालेली डिस्क ओल्या फडक्यात गुंडाळून, झिपच्या पिशवीत घालून आणली, न वाळवता, न लावता. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ‘वाळली तर माती घट्ट बसेल, डाग धुताना बसते तशी’ म्हणाल्या. बरोबर तेच. डिस्कच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं, पाणी तिथून शिरतं, नुसतं पाणी तितकं मारत नाही, त्यातली माती आणि क्षार वाळून मारतात. बाईंच्या डिस्कमधून शाळेचे सगळे निकाल निघाले. हिशेबनीसाला मी पैसे लावले नाहीत, इतकंच करता आलं.

तुमच्याकडे येऊ. फोटो आणि कीर्तनं यांचं नशीब वेगवेगळं असतं. डिस्क डेटा लिहिताना काही वर्तुळं एका हेडखाली, मग पुढची दुसऱ्या हेडखाली अशी पाळीपाळीनं भरते. चार एमबीचा फोटो सहसा एकाच हेडच्या वाट्याला येतो. समजा एक हेड जगलं आणि एक मेलं, तर काही फोटो अख्खे येतील आणि काही अजिबात नाहीत. पण ६० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू वेव्ह फाइलमध्ये ३०० एमबीच्या वर जाते. ती दोन्ही हेडांवर पसरते. म्हणजे मेलेलं हेड बदललं नाही तर प्रत्येक कीर्तनात मोठमोठी भगदाडं. म्हणून कुणी ‘हेड न बदलता जेवढं निघेल तेवढं काढतो, स्वस्तात’ म्हणालं तर फोटोंसाठी ते चालेल, अप्पांसाठी नाही.

हेड बदलल्यावर मात्र कीर्तनांचं पारडं जड. फाइली वेव्ह असतील तर सीडीच्या दर्जाचा आवाज सेकंदाला १,७६,४०० बाइट घेतो. प्लॅटरवरचा खरा सेक्टर ४,०९६ बाइटचा, कॉम्प्युटरला दिसणाऱ्या आठांएवढा; तसा एक वाचलाच गेला नाही तर नुकसान २३ मिलिसेकंदांचं, ऐकायला एक ‘टिक’. पूर्वरंगात ती चिपळ्यांमध्ये जिरून जाईल. एमपी३ असतील, समजा १२८ केबीपीएसच्या, तर तेवढ्याच सेक्टरमध्ये पाव सेकंद जातं. एखादा शब्द अर्धा तुटेल, पण पुढचं चालू राहील. व्हिडिओचं तसं नाही, त्यात नेमकी अनुक्रमणिकेची जागा गेली तर दोन तासांची फाइल उघडतच नाही. लॅबला एक विनंती आधीच करून ठेवा: न वाचलेल्या सेक्टरांत शून्यांऐवजी एखादा ओळखीचा मजकूर भरायचा आणि शेवटी तो शोधून कोणत्या फाइलींना छेद गेलाय त्याची यादी द्यायची. नाहीतर ३८ कॅसेट ऐकून तुम्हालाच शोधत बसावं लागेल.

खर्चाचं सरळ सांगतो. पुसलेल्या फाइली, बिघडलेलं फॉर्मॅट, अशा कामांचे पैसे चार आकडी असतात. हेड बदलायचं म्हटलं की पाच आकडी, वर डोनरची किंमत. आतला पट्टा किती खरवडलाय यावर आकडा हलतो. तपासणीचे पैसे किती, डेटा न निघाल्यास काय घेणार, डोनरचे पैसे तेव्हाही द्यायचे का, हे कागदावर घ्या. आपल्याकडे बहुतेक दुकानं झाकण उघडायचं काम स्वतः करत नाहीत, अहमदाबाद, मुंबई, पुण्याला पाठवतात. त्यात गैर काही नाही, मीही काही प्रकार पाठवतो. पण सरळ विचारा, ‘तुम्ही इथेच उघडणार की पाठवणार?’ जो उत्तर देताना अडखळेल त्याच्याकडे डिस्क ठेवू नका. इथेच उघडणार म्हणाला तर ते टेबल दाखवा म्हणा. एकदा कुणी उघडून बसलेल्या डिस्कला पुढची लॅब जास्त पैसे लावते, आणि त्यांचं चूक नसतं. पैसे देण्याआधी फाइलींची यादी मागा आणि त्यातल्या चार-पाच, तुम्ही निवडलेल्या, समोर वाजवून घ्या. पहिली दहा सेकंदं नको, मधली.

पाठवायची झालीच तर थर्मोकोलचे मोकळे दाणे नकोत, त्यात डिस्क खोक्यात हेलकावे खाते. बबल प्लास्टिकचे चार-पाच वेढे, खोकं हलवल्यावर आतून आवाज येता कामा नये.

आणि हे सगळं करण्याआधी, ताई, एक फुकटचं काम आहे. त्या कॅसेट उतरवल्या कुणी आणि कशावर? तो लॅपटॉप अजून असेल तर त्यात बघा. ऑडॅसिटी या आवाज रेकॉर्ड करायच्या प्रोग्रॅमवर उतरवल्या असतील तर २०२१ च्या आधीच्या आवृत्त्या प्रत्येक रेकॉर्डिंगच्या शेजारी नावाच्या शेवटी ‘डेटा’ असलेलं फोल्डर करून त्यात आवाजाचे छोटे छोटे तुकडे ठेवायच्या. कुणालाच उघडता येईना म्हणून लोक ते फोल्डर विसरून जातात, पुसतही नाहीत. माझ्या एका गिऱ्हाइकाचं अख्खं अरंगेत्रम (शिष्याचा पहिला जाहीर प्रयोग) अशा फोल्डरातून परत आलं, डिस्क न उघडता. उतरवून देणाऱ्याला फोन करा. बहिणीला, पुण्याच्या काकांना, ज्यांना ज्यांना पेन ड्राइव्हवर दिलं होतं त्यांना विचारा.

आणि कॅसेट? त्या टाकल्यात असं तुम्ही कुठे म्हटलेलं नाही. माळ्यावर असतील तर त्या उतरवा, पण लगेच टेपमध्ये घालू नका. खिडकीतून आत बघा: टेपच्या गुंडाळीवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट बाजूला, वेगळ्या पिशवीत. बाकीच्यांमधला तोंडाशी असलेला छोटा फेल्टचा तुकडा निखळलाय का पाहा. तो चिकटवता येतो. मग हातानं, पेन्सिल घालून, थोडी फिरवून बघा, अडत नाही ना. खडखडीत निघाल्या तर मला कळवा. माझ्याकडे अजून एक चालू कॅसेट डेक आहे, त्याची हेडं मागच्याच आठवड्यात अल्कोहोलनं पुसलीयत, आणि डिस्क महिनाभर कपाटात थांबली तरी तिचं काही बिघडत नाही.